भीमथडीचें कुरण व पागेचे कागद

भीमथडीच्या तट्टांचें नांव ऐकलें नाहीं असा मराठी वाचक विरळाच. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतांत त्यांचा उल्लेख आहे, आणि हें गीत इ. स. २०२३ मध्यें महाराष्ट्राचें राज्यगीत झालें. त्याच वर्षीं कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें 'भीमथडी' ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून आपल्या दप्तरीं नोंदविली. याप्रमाणें एका जुन्या नांवास एकाच वर्षांत दोन ठिकाणीं मान मिळाला. परंतु ही थडी म्हणजे नेमका कोणता मुलूख, तेथें घोडे कोणीं व कशावर पोसले, आणि ज्या रानावर ते पोसले त्या रानाचें पुढें काय झालें, या गोष्टींचा विचार सहसा केला जात नाहीं. प्रस्तुत लेखाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मराठ्यांच्या घोडदळाचा इतिहास हा जितका तरवारीचा तितकाच गवताचा आहे. आणि त्या गवताची हकीकत तहनाम्यांत व खलित्यांत सांपडत नसून, वैरण, चंदी, नालबंदी आणि कुरण यांच्या किरकोळ म्हणून बाजूस सारलेल्या कागदांत आहे.

प्रथम मुलुखाचा विचार करूं. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमा भीमाशंकरास उगम पावून आग्नेयीकडे वाहते. तुळापुरास तिला इंद्रायणी मिळते, रांजणगांव सांडसाजवळ मुळामुठा मिळते, पुढें दौंडाच्या अलीकडे घोडनदी येते, आणि इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकास नीरा-नरसिंहपूर येथें नीरेचा संगम होतो. कऱ्हा ही पुरंदर व सुपें या बाजूंनीं येऊन नीरेस मिळते. या नद्यांच्या दरम्यानचा, पुण्याच्या पूर्वेचा जो प्रदेश, तो सामान्यतः भीमथडी होय. इंग्रजी अमलांत याच नांवाचा एक तालुका होता. आजचे दौंड व बारामती हे तालुके बव्हंशीं त्याच्यांतून झाले आहेत.

सह्याद्रीच्या माथ्यावर दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पन्नास कोस पूर्वेस गेलें असतां तो वीस इंचांच्या आंतबाहेर येतो, आणि तोही वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. नदीकांठच्या काळ्या पट्ट्यांत जोंधळा उत्तम होतो. पण त्या पट्ट्यापासून थोडें दूर गेलें कीं मुरमाड माळ लागतो. या माळावर दाट झाडी होत नाहीं. मारवेल, पवन्या, कुसळी, हराळी हीं गवतें मात्र चांगलीं होतात, आणि कमी पावसाच्या गवतांत जनावरास पोषण अधिक, असा गुराख्यांचा अनुभव आहे. कोंकणांत व मावळांत गवत उंच होतें, पण पावसांत जनावर चिखलानें व चिलटांनीं हैराण होतें. भीमथडीची जमीन कोरडी, टणक व मोकळी. शिंगराचे पाय व खूर बळकट होण्यास जें रान पाहिजे तें हेंच.

या रानांतील वस्तीही त्यास साजेशी होती. काळीच्या पट्ट्यांत कुणबी व माळी, वाड्यावस्त्यांवर रामोशी, आणि माळावर धनगर. धनगराचें वर्ष पावसाच्या मापानें चाले. दसरा-दिवाळी झाली कीं मेंढरें घेऊन घाट उतरावयाचे, कोंकणांत शेतांतून मेंढ्या बसवून त्या खताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावयाचें, आणि मृगाच्या आंत परत आपल्या माळावर यावयाचें. या फिरतींत वाघर, भांडींकुंडीं, लहान मुलें, कोंकरें हें सर्व बिऱ्हाड ज्याच्या पाठीवर जाई तें भीमथडीचें तट्टू. जेजुरीचा खंडोबा, वीरचा म्हस्कोबा आणि ठिकठिकाणचा बिरोबा हीं या लोकांचीं दैवतें. खंडोबा घोड्यावर बसतो आणि त्याची दुसरी बायको बाणू ही धनगराची लेक, हें या मुलुखाचें चित्र देवळांत कोरलेलेंच आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या तीन दैवतांचा व त्यांच्या मेंढपाळ भक्तांचा जो शोध घेतला, तो अभ्यासकांनीं अवश्य पाहावा.

मल्हारराव होळकर (जन्म १६९३) हे याच धनगरवाड्यांतून आलेले. नीरेकांठचें होळ हें त्यांचें गांव, आणि त्यावरूनच त्यांचें आडनांव. मेंढरांमागचा मुलगा खानदेशांत मामाच्या पदरच्या घोड्यावर बसतो आणि पुढें माळव्याचा सरदार होतो, ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगण्यांत येते. परंतु ज्याच्या घरीं बिऱ्हाडच तट्टांवर चालतें, ज्यास वर्षांतून दोनदां घाट ओलांडावा लागतो, आणि पाणी व चारा कोठें मिळेल याचा अंदाज ज्यास लहानपणापासून आहे, त्यास मुलूखगिरीचें अर्धें शिक्षण घरींच मिळालेलें असतें.

आतां लष्कराकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ त जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या आरंभींच्या उद्योगाचे जे आंकडे येतात त्यांकडे या दृष्टीनें कोणीं पाहिलें नसावें. सुपें येथें संभाजी मोहित्यांकडून पागेचे तीनशें घोडे मिळाले. जुन्नर मारलें तेव्हां दोनशें मिळाले. अहमदनगराहून (सध्याचें अहिल्यानगर) सातशें मिळाले. एकूण बाराशें. बखर महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनीं लिहिलेली असल्यामुळें हे आंकडे अगदीं काटेकोर धरूं नयेत. परंतु स्थळें पाहावींत. सुपें हें कऱ्हेच्या बाजूस, भीमा व नीरा यांच्या मधोमध. जुन्नर कुकडीवर; कुकडी घोडनदीस आणि घोडनदी भीमेस मिळते. नगर सीनेवर, आणि सीनाही अखेर सोलापुराच्या खालीं भीमेंतच जाते. सारांश, स्वराज्याची पहिली मोठी पागा ज्या तीन ठिकाणांहून उभी राहिली तीं तिन्ही भीमेच्याच पाण्यावरचीं. मावळांनीं पायदळ दिलें. घोडा मिळविण्यासाठीं पूर्वेस, गवताच्या मुलुखांत उतरावें लागलें.

येथें एका प्रचलित समजुतीस मुरड घालणें अवश्य आहे. मराठ्यांच्या फौजेंतील सर्व घोडे भीमथडीचीच पैदास होते असें समजणें चूक आहे. चांगला लढाऊ घोडा पुष्कळ वेळां विकत घेतलेला अथवा पाडाव केलेला असे. जुलै १६७४ मध्यें मराठ्यांनीं दौंडाच्या पैलतीरीं पेडगांवास असलेल्या बहादूरखानाच्या छावणीस हुलकावणी देऊन जी लूट केली, तींत बादशहाकडे पाठविण्यासाठीं जमविलेले दोनशें उत्तम घोडे होते. अरबी, काठेवाडी, कच्छी घोड्यांची खरेदी पेशवाईंत चालूच होती. खानदेशांत सारंगखेड्यास आणि नांदेडाकडे माळेगांवास घोड्यांच्या यात्रा अजूनही भरतात. भीमथडीचें महत्त्व दोन प्रकारचें आहे: एक, बाहेरून आलेल्या रक्ताचा स्थानिक तट्टांशीं मिलाफ होऊन तेथें एक काटक जात तयार झाली, आणि दुसरें, घोडा कोठूनही आलेला असो, तो जगला या मुलुखाच्या वैरणीवर.

घोडा जगविणें हेंच खरें काम होतें. सभासदानें पागेची जी रचना दिली आहे तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार व पांच हवालदारांवर एक जुमलेदार येतो. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक नालबंद व एक पखालजी नेमलेला आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पावसाळ्यांत छावणी, तींत दाणा, वैरण व औषधें यांची बेगमी, आणि दसऱ्यास कूच, असा वर्षाचा क्रम होता. धनगराचें वर्ष व पागेचें वर्ष यांची ही सांगड लक्षांत घेण्यासारखी आहे. दोघेही पावसाळ्यांत माघारी येत आणि दसऱ्यानंतर बाहेर पडत, कारण दोघांचेंही गणित एकाच गवतावर होतें.

मुक्काम पडे तो मात्र नेहमीं भीमेकांठींच असें नाहीं. राज्याभिषेकापूर्वीच्या एका उन्हाळ्यांत चिपळूण तालुक्यांत हलवर्ण येथें पागा उतरलेली असतां महाराजांनीं तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस पाठविलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेविषयींच्या कळकळीचा दाखला म्हणून तें नेहमीं दिलें जातें, व तें योग्यच आहे. पण तें पत्र मुळांत दाण्याचें व वैरणीचें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आरंभींच उधळलें तर पुढें घोडे उपाशी मरतील. मग लोक गांवांत शिरून कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, फाटीं ओढूं लागतील. आणि रयतेस आपल्यापेक्षां मोंगल बरा वाटेल, असा त्याचा आशय. रात्रीं जळता दिवा ठेवूं नये, उंदीर वात ओढून नेईल व गंजीस आग लागेल, इतका बारीक इशारा त्यांत आहे. राज्याच्या नीतीचा उगम गवताच्या गंजींत आहे हें ज्यानें ओळखलें, त्याच्याच हातून असें पत्र लिहिलें जाऊं शकतें.

पेशवाईंत हा व्याप वाढला, आणि त्याबरोबर कागदही वाढले. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले; त्यापूर्वीं गणेश चिमणाजी वाड यांच्या रोजनिशीच्या उताऱ्यांचे खंड निघाले होते. या व अशा कागदांतून सरकारी कुरणें राखणें, तीं राखणाऱ्यांचे मुशाहिरे, गवत कापण्यासाठीं व वाहण्यासाठीं आसपासच्या गांवांवर पडलेली वेठ, शिलेदारांस दिलेली नालबंदी, लढाईंत घोडें पडल्याची भरपाई, हे विषय पुनःपुन्हां येतात. कुरणाची वेठ ही गांवास जाच वाटे, हेंही विसरतां कामा नये. पागेचें वैभव ज्यांच्या डोक्यावरून वाहून आलें ते लोक बहुतकरून गांवच्या शिवेबाहेरचे, आणि त्यांचीं नांवें फक्त अशाच कागदांत सांपडावयाचीं. पागेच्या यादींत घोड्यांचे रंग दिलेले असतात: कुमैत, अबलख, सब्जा, समंद, पंचकल्याणी. भोंवरे, देवमण इत्यादि शुभाशुभ लक्षणांची मीमांसा शालिहोत्राच्या पोथ्यांत मिळते.

या सर्वाचा लष्करी अर्थ दोन प्रसंगांवरून स्पष्ट होतो. फेब्रुवारी १७२८ त पालखेडास पहिल्या बाजीरावानें निजामास कोंडलें, तें जड तोफा व बुणगे मागें ठेवून, मिळेल त्या चाऱ्यावर चालणाऱ्या घोड्यांच्या बळावर. उलट पानिपतास इ. स. १७६० च्या डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं फौज मैदानांत उतरली तेव्हां तिचे घोडे आधींच उपासानें खंगले होते. ज्या फौजेचा पाया गवतावर, ती गवत सुटतांच पायउतार झाली. पानिपताचीं इतर कारणें पुष्कळ आहेत. पण वैरणीचें कारण त्यांत शेवटचें नव्हे.

जून १८१७ च्या पुण्याच्या तहान्वयें पेशव्याच्या खर्चानें पांच हजार स्वारांची फौज इंग्रजांनीं ठेवावी असें ठरलें. शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथें उभारलेल्या या स्वारांपैकीं कांहीं १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेकांठीं कोरेगांवच्या लढाईंत पेशव्याविरुद्ध होते. त्याच पथकाची परंपरा आजच्या हिंदी सैन्यांतील पूना हॉर्स या पलटणींत चालूं आहे. विशेष असें कीं, इंग्रजांनीं आपल्या बेकवाइती घोडदळासाठीं मराठ्यांची शिलेदारी पद्धत उचलली व पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली. बारगिरांची सरकारी पागा मात्र राज्याबरोबर गेली. आणि पागा गेल्यावर कुरण राखण्यास कोणी धनी उरला नाहीं.

यानंतरचा बदल शांतपणें, मोजणीच्या सांखळीनें झाला. प्रिंगल यानें पुणें जिल्ह्यांत केलेली पहिली मोजणी व आकारणी फसली. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ सालीं इंदापूर तालुक्यापासूनच नवी तीस सालांची आकारणी सुरू केली. पुढें मुंबई इलाख्यास तीच नमुना झाली. शेतकऱ्यावरील बोजा तीमुळें हलका झाला, यांत शंका नाहीं. पण तिचें यश मोजण्याचें माप एकच होतें: किती पडीक जमीन लागवडीस आली. जुन्या कागदांत जें कुरण, गायरान, रमणा, माळ अशा निरनिराळ्या नांवांनीं, निरनिराळ्या हक्कांनीं ओळखलें जाई, तें नव्या दप्तरांत पुष्कळ ठिकाणीं एका 'पडीक' शब्दाखालीं आलें. ज्या जमिनीवर घोडा, मेंढरूं व बैल पोसला, ती जमीन 'कांहीं न करणारी' ठरली. हलका माळ नांगराखालीं आला. तो चांगल्या सालीं पिकला आणि वाईट सालीं कर्ज करून गेला. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, त्या दंग्याचीं कारणें अनेक आहेत: कापसाचा उतरलेला भाव, वाढविलेला सारा, कोर्टाचे हुकूमनामे. त्यांत माळ मोडून शेत केल्याचेंही एक कारण गणलें पाहिजे. ज्या सुप्याहून शिवाजी महाराजांनीं तीनशें घोडे नेले, तेंच हें सुपें.

यापुढें रूपांतर जलद झालें. १८५८ सालीं पुण्यास आगगाडी आली व तेथून पूर्वेस दिकसाळपर्यंत गेली. १८६३ सालीं बोरघाट जोडला गेला, आणि तट्टांच्या व बैलांच्या पाठीवरील माल डब्यांत गेला. नीरेच्या डाव्या कालव्यानें बारामतीकडे ऊंस आणला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें. १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणानें भीमेचा जुना कांठच मोठ्या अंशीं पाण्याखालीं घेतला. पळसदेवाचें जुनें देऊळ आतां उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे दिसतें. हें पाणी व हा ऊंस यांनीं हजारों कुटुंबांस अन्न दिलें आहे. त्याविषयीं तक्रार करण्याचा हेतु नाहीं. पण भीमेची थडी शोधावयास जाणाऱ्यानें कोणत्या थडीवर उभे आहोंत तें जाणून असावें.

जुन्या रानाचा अवशेष पाहावयाचा तर सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य पाहावें. तें १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं राखलें गेलें, आणि त्याचें क्षेत्र पांच चौरस किलोमीटरांच्या जवळपास आहे. इंदापुराकडे कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा व लांडगा आढळतो. आणि जुन्या तट्टांचा अवशेष पाहावयाचा तर दसऱ्यानंतर रस्त्याच्या कडेनें चाललेला धनगरांचा तांडा पाहावा. पागा मोडली, सरदार गेले, सनदांचीं भेंडोळीं कोर्टांत व दप्तरखान्यांत गेलीं. घोड्याची जात टिकविली ती ज्यांच्याजवळ एकही सनद नव्हती त्यांनीं. २०२३ च्या नोंदीचा खरा मान त्यांचा आहे. त्यांच्या चराऊ वाटा मात्र वर्षोवर्ष कुंपणांनीं व उसानें तोडल्या जात आहेत, आणि हक्काचा कागद दाखवा म्हटलें तर त्यांनीं काय दाखवावें?

येथेंच संग्राहकांस विनंति करावीशी वाटते. आपल्याकडे रुमाल उघडतांना राजपत्र, महजर, शिक्क्याची सनद शोधण्याची संवय आहे. वैरणीचे हिशेब, कुरणाचे तपशील, घोड्यांच्या रंगांच्या याद्या, मेंढरांवरील पट्ट्यांच्या नोंदी हीं प्रकरणें 'किरकोळ' अशी चिठी लावून तळाशीं ठेवण्यांत येतात, व वाळवी प्रथम तेथेंच लागते. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. रुमाल फोडून सुटे कागद वेगळे करूं नयेत, कारण या कागदांचें मोल एकेकटें नसून सालवार ओळींत आहे. प्रत्येक कागदावरील गांवाचें नांव व कुरणाची चतुःसीमा टिपून ठेवावी. आणि शक्य असल्यास त्या गांवीं जाऊन तो माळ आज कोणत्या नांवानें ओळखला जातो तें विचारावें. शिरूर तालुक्यांतील आळेगांव पागा, जुन्नराकडील कुरण, वेल्ह्यांतील कुरण बुद्रुक, अशीं गांवांचीं नांवें अजून जिवंत आहेत. तीं दप्तराबाहेरचीं साधनेंच होत. कोणत्या माळावर कोणाची जनावरें कोणत्या हक्कानें चरत होतीं हें सांगणारा पुरावा आज बहुधा याच कागदांत आहे. 'पडीक' या शब्दास उत्तर देण्याचें सामर्थ्य दुसऱ्या कशांत दिसत नाहीं.

खुद्द पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावर १८८४ सालीं स्थापन झालेली मुलींची शाळा आहे. तिचें नांव शहरांत कोणी पुरें घेत नाहीं. सर्व तिला हुजूरपागाच म्हणतात, कारण ती जागा पेशव्यांच्या पागेची. घोडे गेले, दावणी गेल्या, गंज्या गेल्या, नांव राहिलें. नांव राहिलें म्हणून आपण येथें घोडे होते असें सांगूं शकतों. ते काय खात होते व तें कोठून येत होतें, हें सांगण्यासाठीं मात्र तळाचे रुमाल उघडावे लागतील.